माझ्या सहीचा प्रोसेसर

पलूसच्या स्टँडवर मी मिरजेच्या एसटीत बसले त्या सकाळी मला निरोप द्यायला पंधरा-वीस माणसं आली होती. त्यातली निम्मी महिनाभर आधी आमच्या दारात येऊन अब्बांना सांगून गेली होती की पोरीला एकटीला बंगळूरला धाडू नका. तीच आता खिडकीशी गर्दी करून हात हलवत होती. एका चाचांनी तर पुढे होऊन जाहीर केलं की ही पोरगी मोठी होणार हे त्यांना तिच्या चौथीतच कळलं होतं. मी चौथीत होते त्या वर्षी ते सोलापूरला होते.

अम्मी स्टँडवर आली नाही. या लोकांसमोर मी रडणार नाही, म्हणाली, आणि घरातच मला जवळ घेऊन बंगळूरच्या एका दूरच्या खालाचा, म्हणजे मावशीचा, पत्ता लिहिलेला कागद हातात दिला. अब्बा आले होते, दुकानातून तसेच, कोपरापर्यंत वॉर्निशचे डाग. त्यांना लोक हमीद मिस्त्री म्हणतात. उसाला पाणी देणाऱ्या मोटरी जळल्या की त्या भरून देणं हा त्यांचा धंदा. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वॉर्निश पाजून भट्टीत वाळवायची. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बांचा सगळा दिवस शेतकऱ्यांत जातो, त्यामुळे महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते मराठीवर येतात. कंडक्टरशी माझ्या बॅगेवरून हुज्जत घालून झाल्यावर ते खिडकीखाली आले आणि म्हणाले, "तिकडं कुणी काय बी सांगंल. तू उघडून बघ, मग मान." एवढंच. गाडी सुटायच्या आधीच ते दुकानाकडे निघूनही गेले होते. तिथे कुंडलचा एक माणूस मोटर घेऊन थांबला होता.

हे मी पलूसला राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही, जे ईद-दिवाळीला गाडी घेऊन येतात आणि चौकात उभं राहून इथल्या रस्त्यांना नावं ठेवतात. दोघांबद्दलही मला फारसा आदर उरलेला नाही. मधली दोन वर्षं स्वतःबद्दलही नव्हता. त्या दोन वर्षांचं सांगायचं आहे.

बंगळूरने माझं स्वागत केलं असं लोक लिहितात तसं मला लिहिता येणार नाही. खोली बघायला गेले की नाव विचारेपर्यंत सगळं छान असायचं. नाव सांगितलं की घरमालकाला अचानक आठवायचं की त्याचा भाचा येत्या महिन्यात इथेच राहायला येणार आहे. इतके भाचे एका शहरात मी कुठे पाहिले नाहीत. शेवटी अम्मीच्या कागदावरच्या खालाने शिवाजीनगरमधल्या आपल्या घराच्या गच्चीवरची खोली दिली, आणि मी तिथून रोज कॅबने रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतीत जाऊ लागले. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की आम्हाला प्रश्न विचारणारी माणसं आवडतात. ते वाचून पहिल्या दिवशी माझा ऊर भरून आला होता. आता आठवलं की लाज वाटते.

आमचं काम होतं डेस्कटॉप कॉम्प्युटरसाठी नवी प्रोसेसर फॅमिली तयार करण्याचं. फॅमिली हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात चिप एकच, तिच्यात आठ कोअर. कोअर म्हणजे आकडेमोड करणारा एक स्वतंत्र भाग. एका चिपमध्ये आठ असले की आठ कामं एकाच वेळी चालतात. पण कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक चिपचे आठही कोअर धड नसतात. जिचे दोन बिघडलेले निघतात तिचे ते दोन कायमचे बंद करून तिला सहा कोअरची म्हणून वेगळं नाव देतात, वेगळ्या खोक्यात घालतात. चार बंद केले की तिसरं नाव. मग जाहिरातीत थोरला, मधला, धाकटा असं सगळं कुटुंब ओळीने उभं करतात.

हे मी एकदा फोनवर अब्बांना तुच्छतेने सांगितलं. मला वाटलं ते हसतील.

"चांगलं हाय की," ते म्हणाले. "चार चालत्यात तर चार विकायचे. फेकून कशाला द्यायचं?"

"अब्बा, पण घेणाऱ्याला ते सांगत नाहीत."

"ते वंगाळ. मी पाच हॉर्सपॉवरची मोटर तीनला भरली तर कार्डावर लिवतो, तीनची हाय म्हणून."

ते खरंच लिहितात. भरून दिलेल्या प्रत्येक मोटरीला ते पुठ्ठ्याचा तुकडा तारेने बांधतात आणि त्यावर ती का जळली ते लिहितात. पाणी शिरलं. एक फेज गेला. बेअरिंग धरलं. शेतकरी ते वाचत नाहीत, फाडून टाकतात. अब्बा तरी लिहितात.

माझा मॅनेजर विवेक. पुण्याचा. पहिल्या दिवशी त्याने गाव विचारलं, मी पलूस म्हटलं. "म्हणजे सांगलीकडे कुठेतरी ना? तुझं मराठी छान आहे पण." त्या 'पण'मध्ये माझं गाव होतं की माझं नाव, हे मी कधी विचारलं नाही. विवेकने गेल्या कित्येक वर्षांत डिझाइन उघडून पाहिलेलं नव्हतं. तो स्लाइड पाहायचा. स्लाइडवर हिरवा ठिपका असला की त्याला झोप लागायची, पिवळा असला की तो आम्हाला बोलवायचा. लाल ठिपका मी त्याच्या स्लाइडवर कधी पाहिला नाही, कारण लाल झालेलं काहीही वर जाईपर्यंत पिवळं झालेलं असायचं.

माझं काम पडताळणीचं. चिप कारखान्यात जाण्याआधी ती नुसती मजकुराच्या रूपात असते, लाखो ओळींचा मजकूर. तो आम्ही मोठ्या मशिनांवर चालवून बघायचो. उलटसुलट कामं द्यायची, कुठे चुकतो ते शोधायचं. मला या कामात गोडी होती. शाळेत असताना सुट्टीत दुकानात बसून मी अब्बांच्या भरलेल्या मोटरी टेस्ट लॅम्पने तपासून द्यायची. वायर लावायची, दिवा लागतो का बघायचं. हेही तसंच होतं, फक्त दिवा लागायला दोन दिवस लागायचे.

डिझाइन कारखान्यात पाठवण्याला टेप-आउट म्हणतात. त्याला पाच आठवडे उरले असताना मला तो दोष दिसला.

सोपं करून सांगते. प्रत्येक कोअर लागणाऱ्या आकड्यांची एक छोटी नक्कल स्वतःजवळ ठेवतो. एकाने आकडा बदलला की बाकीच्यांना निरोप जातो, तुमच्याकडचा जुना झाला. काम नसलं की कोअर झोपतो, वीज वाचावी म्हणून. मी पाहिलं ते असं: एक कोअर झोपेतून नेमका उठत असताना दुसऱ्याने आकडा बदलला, तर तो निरोप वाटेत हरवतो. उठलेला कोअर जुना आकडा वाचतो, त्यावर हिशेब करतो, आणि पुढच्या वेळी बरोबर आकडा वाचतो. चूक करून मागे काहीच ठेवत नाही.

मी तीच परीक्षा पुन्हा चालवली. काही नाही. पुन्हा चालवली. दहा दिवसांनी वेगळ्याच परीक्षेत तो पुन्हा दिसला. मी सगळं बाजूला ठेवून त्याच्यामागे लागले, पण मनात येईल तेव्हा तो आणता येईना. टेप-आउटला आठवडा राहिला तेव्हा विवेकने मला एका काचेच्या खोलीत बोलावलं. जेवणाची वेळ होती, बाहेर लोक ट्रे घेऊन चालले होते.

"किती वेळा दिसला?"

"दोनदा."

"फक्त दोनदा. टेस्टबेंचमध्ये प्रॉब्लेम असेल." टेस्टबेंच म्हणजे परीक्षा चालवणारा आमचाच प्रोग्राम.

"टेस्टबेंच मी ओळ न् ओळ बघितला. त्यात नाही. मला तीन आठवडे दे, मी तो पकडून दाखवते."

"तीन आठवडे नाहीत, रेहाना." त्याचा आवाज अगदी मऊ होता. मऊ बोलायचं त्यांना प्रशिक्षण देतात. "परफेक्ट चिप कोणी बनवत नाही. आणि एक सांगू? अमेरिकेतल्या टीमसाठी मी तुझं नाव पाठवलंय. आत्ता या क्षणी, टेप-आउट हिने अडवला, असं दिसणं तुझ्यासाठी बरं नाही. तू वेव्हर टाक."

वेव्हर म्हणजे सूट. दोष दिसला, पण तो राहू द्यायला हरकत नाही, असं लिहून देणं. दोष शोधणाऱ्यानेच लिहून दिलं की वरचे लोक वाचत नाहीत. ती सही म्हणजे शाईची वगैरे नव्हती, पडद्यावरच्या एका चौकोनावर क्लिक करायचं होतं. त्याआधी एका रकान्यात कारण लिहायचं होतं. 'प्रत्यक्ष वापरात उद्भवण्याची शक्यता नगण्य.' नगण्य हा शब्द विवेकने सुचवला. टाइप मी केला.

मला धमकावलं असं मी म्हणू शकत नाही. कोणी दार बंद केलं नव्हतं. मला अमेरिकेला जायचं होतं. त्या चाचांनी, स्टँडवरच्या त्या सगळ्यांनी ऐकावं असं वाटत होतं की मी अमेरिकेला गेले. ज्यांना मी कवडीची किंमत देत नव्हते त्यांच्या डोळ्यांत मोठं होण्यासाठी मी क्लिक केलं. विवेकची कीव करायला मी मोकळी आहे, पण दोष खरा आहे हे त्याला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

चिप बाजारात आली. ऑफिसात चौकोनी केक आला, वर चांदीच्या रंगाचे आठ तुकडे, आणि विवेकने कापताना सांगितलं की हा केक म्हणजे आपलं कुटुंब आहे. सगळ्यांनी कुटुंब खाल्लं.

पलूसला बातमी कशी पोचली कोण जाणे. मी सुट्टीला गेले तर चौकात माझा फोटो असलेला बॅनर. त्यावर लिहिलेलं: 'संगणकाच्या मेंदूची निर्माती, पलूसची सुकन्या.' खाली माझ्यापेक्षा मोठ्या आकारात अकरा शुभेच्छुकांचे फोटो. मंगल कार्यालयात सत्कार झाला. अध्यक्ष बोलले की आपल्या मातीतली लेक आज अमेरिकेचे कॉम्प्युटर चालवते आहे. त्यांच्यानंतर उभे राहिलेले गृहस्थ म्हणाले की तिने मोबाइलचा शोध लावला आहे. कोणीही हसलं नाही. मीही हसले नाही. मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईकवर जाऊन सांगितलं की हे सगळं माझ्या वडिलांच्या दुकानात शिकले. टाळ्या पडल्या. अब्बा शेवटच्या रांगेत बसले होते. मी बोलत असतानाच कोणीतरी येऊन त्यांच्या कानाला लागलं आणि ते उठून गेले. कोणाची तरी मोटर आली होती. त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता.

पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे एक तक्रार फिरत फिरत आली. दूर उत्तरेकडच्या एका देशातला माणूस, नद्यांना पूर किती येईल याचे अंदाज काढणाऱ्या एका लहान कचेरीत काम करणारा. त्याच्या डेस्कटॉपमध्ये आमचा प्रोसेसर होता. त्याने लिहिलं होतं की एकच हिशेब दोनदा केला तर कधीकधी पाण्याची पातळी वेगळी निघते. सपोर्टवाल्यांनी त्याला मेमरी बदलायला सांगितली. त्याने बदलली. पॉवर सप्लाय बदलायला सांगितला, तोही बदलला. मग त्यांनी सांगितलं की तुमचा प्रोग्राम तपासा. त्याने प्रोग्राम तपासला आणि पुन्हा नम्रपणे लिहिलं, चुकीचा आकडा बहुतेक मशीन थोडा वेळ रिकामं बसून पुन्हा कामाला लागलं की येतो. सहा महिने हा माणूस एका भिंतीशी नम्रपणे बोलत होता. त्याचं शेवटचं वाक्य मी वाचलं आणि मला झोपेतून उठणारा कोअर आठवला.

पाण्याची पातळी म्हणजे काय हे सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. अम्मीचं माहेर भिलवडीचं, कृष्णेच्या काठचं. पावसाळ्यात पुलाखालचा आकडा किती झाला यावर आमच्या मामूंचं घर सोडायचं की थांबायचं हे ठरतं. पूर ओसरला की अब्बांच्या दुकानापुढे चिखलाने भरलेल्या मोटरींची रांग लागते. मी त्या चिखलात वाढले, आणि मीच लिहिलं होतं, नगण्य.

मी विवेककडे गेले. त्याने तो मजकूर वाचला, वेव्हर उघडला, खालचं नाव पाहिलं. "सही तुझी आहे," तो म्हणाला. नंतर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "पण घाबरू नको, आपण सांभाळू." सांभाळणं म्हणजे एक अपडेट पाठवायचं, ज्याने कोअर गाढ झोपणारच नाहीत. वीज जास्त जाईल, चिप तापेल, पण दोष दिसणार नाही. त्याला 'स्थिरता वाढवणारं अपडेट' असं नाव दिलं. माहीत असलेल्या दोषांची यादी कंपनी जाहीर करते, तिच्यात आमची ओळ अशी पडली: 'क्वचित प्रसंगी प्रणालीचे वर्तन अनपेक्षित असू शकते.' ही ओळ लिहायला चार माणसं बसली होती. आधी चुकीचे निघालेले आकडे खरे धरून कोणी काही ठरवलं असेल, त्याला ही ओळ वाचून काय कळणार होतं? त्या माणसाला कळवलं गेलं की अपडेट करा. का, ते कळवलं नाही.

बकरी ईदला मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसले. अब्बा एका मोटरीच्या खाचांत कागद बसवत होते. मी सांगायला सुरुवात केली आणि थांबता आलं नाही. विवेकबद्दल सांगितलं, मऊ आवाजाबद्दल, स्लाइडच्या ठिपक्यांबद्दल, त्या चार माणसांनी लिहिलेल्या ओळीबद्दल. मी बराच वेळ त्या सगळ्यांची टिंगल करत होते. अब्बांनी मान वर केली नाही.

"तुला सापडलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कवा?"

"कारखान्यात जायच्या आधी."

"मग तू सही का केलीस?"

मी म्हटलं, अमेरिकेच्या यादीत नाव लागलं होतं. मी म्हटलं, सगळेच करतात. मी म्हटलं, मला तो पुन्हा पकडून दाखवता आला नव्हता.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. मोटर नुसती वरून रंगवून भरलेली म्हणून विकणारा एक दुकानदार होता इस्लामपूरला, त्याचं नाव निघालं की अब्बांचा चेहरा असा व्हायचा.

"मग तू मिस्त्री न्हाईस," ते म्हणाले. "सही करणारी हायस. त्यातली लय हायती."

ते पुन्हा कामाला लागले. मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने अम्मी चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "क्या हुआ गे?" अब्बांनी पुढचा कागद खाचेत सारला. ती कप ठेवून गेली. त्या सुट्टीत अब्बा माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलले नाहीत. रागावून नव्हे. त्यांच्या दृष्टीने बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी परत आले आणि कामाला लागले. दिवसाचं नेमलेलं काम दुपारपर्यंत उरकायचं आणि नंतर ऑफिसातच एका कोपऱ्यात तीन डेस्कटॉप मांडून बसायचं, आमच्याच चिपचे, अपडेट न केलेले. विवेकला सांगितलं होतं की जुनी मशिनं साफ करते आहे. त्याने विचारलंही नाही. कोअरला झोपवायचं, उठवायचं, उठता उठता दुसऱ्याकडून आकडा बदलायचा, आणि ही वेळ केसभर इकडेतिकडे सरकवत राहायचं. दीड महिना गेला. एका मंगळवारी रात्री अकराच्या सुमाराला पहिलं मशीन चुकलं. मी तसंच पुन्हा चालवलं, ते पुन्हा चुकलं. मग तिन्ही चुकू लागली, दर वेळी, म्हणाल तेव्हा. मी कोणाला हाक मारली नाही. खाली जाऊन इडली खाल्ली आणि वर येऊन पत्र लिहायला घेतलं.

ते पत्र मी विवेकला पाठवलं नाही. अमेरिकेतल्या, चिपचा मूळ आराखडा आखणाऱ्या मुख्य आर्किटेक्टला पाठवलं. लिन नावाच्या एक वयस्क बाई, ज्यांच्याशी आमच्यापैकी कोणी कधी थेट बोललेलं नव्हतं. त्यात प्रोग्राम जोडला, दोषाचं कारण लिहिलं, आणि तो कोणत्या ओळीत आहे ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांचं उत्तर आलं. दोष दिसला. वेव्हरवर सही कोणाची?

विवेकचं नाव लिहिता आलं असतं. काचेची खोली, मऊ आवाज, तीन आठवडे नाकारले, सगळं खरं होतं. मी लिहिलं, माझी. सही करताना दोष खरा आहे हे मला माहीत होतं.

पुढचं सगळं पंधरवड्यात झालं. जाहीर यादीतली ओळ बदलली. आता तिथे लिहिलेलं आहे की झोपेतून उठणारा कोअर जुना आकडा वाचू शकतो आणि हिशेब चुकू शकतो. कोणालाही वाचून कळेल असं. चिपच्या पुढच्या आवृत्तीत मूळ डिझाइनमधलीच ती चूक काढायचं ठरलं. पुराचे अंदाज काढणाऱ्या त्या माणसाला लिन बाईंनी स्वतः पत्र लिहिलं, आणि त्याने आधीचे सगळे हिशेब पुन्हा केले. एका गावाचा आकडा बदलला, असं त्याने नंतर कळवलं. वर गेला की खाली आला ते त्याने लिहिलं नव्हतं आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

विवेकला बढती मिळाली, बाजारातला प्रश्न वेगाने सोडवल्याबद्दल. माझं नाव अमेरिकेच्या यादीतून गेलं. कारण दिलं, निर्णयक्षमतेबद्दल शंका. आता हे कारण खरं असल्यामुळे मला भांडता आलं नाही, आणि याचं मला अजूनही हसू येतं. वर्षभराने मी ती इमारत सोडली. सध्या एका लहान कंपनीत आहे, विजेच्या मीटरमधल्या चिप तपासते. भिंतीवर काही लिहिलेलं नाही. वेव्हर मागितला तर मी देत नाही, आणि दोनदा त्यावरून कटकट झाली आहे.

पलूसच्या चौकातला बॅनर वाऱ्याने फाटला. त्यानंतर मी अमेरिकेला जाणार नाही हे कळल्यावर कोणी नवा लावला नाही. सत्काराची शाल अम्मी शिलाई मशीन झाकायला वापरते. बंगळूरमधल्या सांगलीकरांच्या एका ग्रुपवर मी आहे, तिथे रोज सकाळी कोणीतरी मातीच्या वासाबद्दल लिहितं आणि बाकीचे हात जोडतात. त्यांपैकी एकालाही मी गावाकडे चिखलात पाय घालताना पाहिलेलं नाही. मीही घालत नाही. निदान लिहीत तरी नाही.

लोक विचारतात, घर कुठलं म्हणता तुम्ही आता. पलूसला माझ्या खोलीत तारेची रिळं आणि वॉर्निशचे डबे भरलेले आहेत, झोपायला जागा करावी लागते. इथल्या फ्लॅटमध्ये सगळ्याला जागा आहे. इथे मला दिवसभर माणसं छान, मस्त, ग्रेट म्हणतात. माझं काम न बघता म्हणतात. त्या शब्दांत मला राहता येत नाही.

नोकरी सोडली त्या महिन्यापासून अब्बा मला शुक्रवारी फोन करू लागले. जुम्म्याची नमाज झाली की, दुकान पुन्हा उघडायच्या आधी. सही झाली त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पत्र लिहिल्याबद्दलही शाबासकी दिली नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, "त्या पुरवाल्या मानसाला कळलं न्हवं?" मी हो म्हटलं, आणि त्यांनी विषय बदलला. आता फोनवर ते हालहवाल विचारत नाहीत. एकच विचारतात, "या आठवड्यात काय खोटं निघालं?" मी सांगते. त्यांना अर्धं कळतं, उरलेल्या अर्ध्यावर ते खोदून खोदून विचारतात, आणि विचारता विचारता कधीकधी माझंच चुकलेलं माझ्या लक्षात येतं.

गेल्या शुक्रवारी मी दमलेली होते. म्हटलं, "या आठवड्यात काही नाही अब्बा. सगळं बरोबर निघालं."

पलीकडे शटर वर सरकवल्याचा आवाज आला.

"मग तू नीट बघितलं न्हाईस," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

सोमवारी मी पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतलं.